रुग्णसेवकाचे वस्त्र

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला रुग्णसेवेतील अनुभव लिहिण्यास सांगितले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत अनुभव पुष्कळ आले. परंतु त्यांतील बहुतेक रुग्णांचे आहेत आणि रुग्णाची गोष्ट चारचौघांत सांगण्याचा अधिकार परिचारिकेला नसतो. म्हणून त्या छत्तीस वर्षांत माझ्या आणि माझ्या सहकाऱ्यांच्या अंगावर जे होते, त्या गणवेशाविषयी लिहिते. विषय साधा वाटेल, पण आपल्या समाजाला वस्त्राचा विषय कधीच साधा नव्हता.

गणवेशाचा पहिला धडा मला आपल्या शाळेतच मिळाला. १९७०च्या दशकात आम्हा मुलींना निळा स्कर्ट आणि पांढरा ब्लाउज असे, मुलांना खाकी चड्डी आणि पांढरा सदरा. वसतिगृहात दर रविवारी हौदावर कपडे धुतले जात. नीळ कोण अधिक घालते यावरून भांडणे होत, आणि पितळी तांब्यात निखारे घालून इस्त्री करण्यासाठी रांग लागे. कोणाचे आईवडील मजुरीला जातात, कोणाचे वडील शिक्षक आहेत, हे वर्गात बसलेल्या मुलांकडे पाहून सांगता येत नसे. गावी जाताना मात्र अंगावर घरचे कपडे चढत आणि मग सारे कळून येई. गणवेश माणसांमधील अंतर मिटवितो, अशीच माझी त्या वयात समजूत झाली होती.

परिचर्या प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली तेव्हा घरात पांढऱ्या साड्या आल्या. शेजारच्या एका वृद्ध बाईंनी आईला विचारले, ‘‘पोरीले लग्नाआंधीच पांढरं लुगडं?’’ त्या काळी पांढऱ्या रंगाच्या याच समजुतीपायी कित्येक घरांत मुलींना परिचारिका होऊ देत नसत. माझ्या आईने शांतपणे उत्तर दिले, ‘‘माह्या बापानं नागपूरले दीक्षा घेतली तवा अंगावर पांढरेच कपडे होते. आमाले पांढरं शुभच हाय.’’ १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर जमलेल्या जनसमुदायाने शुभ्र वस्त्रे परिधान केली होती, आणि पाली साहित्यात गृहस्थ उपासकाला ‘ओदातवसन’, म्हणजे शुभ्र वस्त्र नेसणारा, असे म्हटले आहे. आईला पाली येत नव्हते, पण वंदनेला नेसायची साडी आणि लेकीच्या नोकरीची साडी एकाच रंगाची आहे, याचा तिला अभिमान होता.

रुग्णालयातील पांढरा रंग तसा फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शल्यविशारद काळे कोट घालून शस्त्रक्रिया करीत. त्या कोटांवर रक्त आणि पू वाळून बसलेले असत आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. १८४७मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुण्यास लावून बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखविले. १८६७मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक करण्याची पद्धत मांडली. त्यानंतरच्या दशकांत काळा कोट मागे पडून पांढरा आला. पांढऱ्यावर डाग चटकन दिसतो आणि दिसलेला डाग धुवावा लागतो, हे त्यामागचे साधे कारण. पुढे शस्त्रक्रियागृहातील प्रखर दिव्यांखाली पांढऱ्या कापडाने डोळे दिपू लागले, तेव्हा १९१४च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतील हॅरी शर्मन या शल्यविशारदांनी तेथे हिरवा रंग आणला. लाल रक्ताकडे सतत पाहणाऱ्या डोळ्यांना हिरवा विसावा देतो. रुग्णालयातील चांगल्या बदलामागे असा एखादा हिशेब असतो. तो रुग्णाच्या जिवाचा असतो किंवा काम करणाऱ्याच्या शरीराचा.

आपल्याकडच्या दोन स्त्रियांचे स्मरण येथे केलेच पाहिजे. १८८६मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी यांचे विद्यार्थिदशेतील एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. ऑक्टोबर १८८५मधील त्या छायाचित्रात जपान आणि सीरियातून आलेल्या सहाध्यायिनींशेजारी त्या साडी नेसून बसलेल्या दिसतात. दुसऱ्या सावित्रीबाई फुले. १८९७च्या प्लेगमध्ये त्यांनी रुग्णांची सेवा केली, एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. प्लेगचा रुग्ण आणि सावित्रीबाई यांच्यामध्ये एका लुगड्याखेरीज काही नव्हते. आज आपण ज्याला संरक्षक पोशाख म्हणतो, त्याची किंमत मला त्या प्रसंगावरून कळते.

नोकरीत रुजू झाले आणि गणवेशाविषयीची माझी शाळेतली समजूत बदलू लागली. येथे गणवेश अंतर मिटवीत नव्हता. तो अंतर मोजून दाखवीत होता. डॉक्टरांचा कोट, अधिसेविकांची साडी, परिसेविका आणि अधिपरिचारिका यांच्या पट्ट्या, कक्षसेवकाचे कपडे, सफाई कामगाराचे कपडे, असा वरपासून खालपर्यंत एक जिना होता. रुग्णाला कोणाला हाक मारायची ते कळावे, एवढ्यापुरता हा भेद मला मान्य आहे. मध्यरात्री श्वास अडकलेल्या माणसाच्या मुलाने झाडू मारणाऱ्या मावशींकडे धावत जाण्यात वेळ घालवू नये. माझी तक्रार वेगळी आहे. जिन्याच्या जितके खाली जावे तितके कापड हलके, शिलाई कच्ची आणि धुलाईची जबाबदारी ज्याची त्याची, असे मला सगळीकडे दिसले. मलमूत्र, रक्त आणि वापरलेल्या सुया यांच्याशी सर्वाधिक संबंध जिन्याच्या तळाशी असलेल्यांचा येतो. म्हणजे ज्याला वस्त्राची गरज सर्वांत जास्त, त्याला सर्वांत निकृष्ट वस्त्र मिळत होते.

मी काम केलेल्या एका रुग्णालयात सफाईचे काम ठेकेदाराकडे गेले. कामावर आलेल्या बायकांना साडीवर घालायला एकेक कोट मिळाला, सर्वांना एकाच मापाचा, पॉलिएस्टरचा. त्याचे पैसे पगारातून कापले गेले. पाठीवर मोठ्या अक्षरांत ठेकेदाराचे नाव छापलेले होते. आमच्या कक्षातील मावशी पन्नाशीच्या, घाटाखालच्या एका खेड्यातून रोज एस.टी.ने येणाऱ्या. एकदा मी त्यांना म्हटले, ‘‘मावशी, आता तुम्हालाही गणवेश झाला.’’ त्या पाठमोऱ्या वळल्या आणि म्हणाल्या, ‘‘सिस्टर, वाचा बरं. याच्यावर त्याचं नाव हाय. माहं नाव कुठी हाय?’’

पुढे काही दिवसांनी कचऱ्याची पिशवी उचलताना पिशवीतून बाहेर आलेली सुई त्यांच्या पायात शिरली. पायात रबरी चप्पल होती. अशा वेळी जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायची असते, आणि एचआयव्ही-प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत व कोणत्याही परिस्थितीत बहात्तर तासांच्या आत सुरू करून अठ्ठावीस दिवस घ्यायचे असते. ते सर्व आम्ही केले. मावशी सुखरूप राहिल्या. मात्र ते अठ्ठावीस दिवस त्यांनी घरी कोणाला काही सांगितले नाही, आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत नातवाला मांडीवर घेतले नाही. मांडीवर घेतल्याने काही होत नाही, हे मी त्यांना वारंवार सांगत होते. भीती समजावून सांगितल्याने लगेच जात नाही. बुटांसाठी आम्ही अर्ज केला. तीन महिन्यांनी गमबूट आले, तेही पुरुषांच्या मापाचे. मावशींनी पुढच्या टोकात चिंध्या कोंबल्या आणि ते वापरले.

२०१६च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला योग्य व पुरेशी संरक्षक साधने देणे आणि हिपॅटायटिस बी व धनुर्वात यांसारख्या रोगांविरुद्ध लस देणे ही संस्थेची जबाबदारी आहे. कर्मचारी कायम आहे की ठेक्यावरचा, याने त्या जबाबदारीत फरक पडत नाही. हे आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरातील कोणी अशा कामावर आहे त्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे. हातमोजे, मुखपट्टी, जाड एप्रन, पायाच्या मापाचे बूट आणि हिपॅटायटिस बीच्या लसीच्या मात्रा मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे.

वस्त्राने माणसाची पायरी ठरविण्याची रीत आपल्या पूर्वजांनी फार जवळून पाहिली आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत, असे सांगितले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्या ग्रंथाचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले आणि लुगडे नेसण्याची जात दाखविणारी पद्धत व अंगावरचे जड दागिने टाकून देण्यास सांगितले. स्त्रियांनी तेथेच लुगडी नेसण्याची पद्धत बदलली. पाण्याच्या हक्कासाठी जमलेल्या परिषदेत लुगड्याविषयी बोलावेसे बाबासाहेबांना वाटले, याचा अर्थ मला नोकरीत उमगला. माणसाकडे पाहताच त्याला कोणत्या आवाजात बोलायचे, हे समोरचा त्याच्या कपड्यांवरून ठरवितो. मावशींना ‘ए’ म्हणणारा नातेवाईक मला ‘सिस्टर’ म्हणत असे. दोघींच्या मधले अंतर त्याने आमच्या कामावरून मोजले नव्हते, कारण आमचे काम त्याने अजून पाहिलेच नव्हते.

यावर उत्तर शोधताना मला आधार मिळाला तो विनयपिटकाचा. निवृत्तीनंतर विहारातील अभ्यासवर्गात महावग्गाचे वाचन झाले. अतिसाराने पीडित झालेल्या भिक्खूची कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. तो स्वतःच्या मलमूत्रात पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी त्याच्यावर पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले, दोघांनी त्याला उचलून मंचकावर निजविले. ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने रुग्णाची सेवा करावी, अशा अर्थाचा उपदेश त्या प्रसंगी झाला. मला ठाऊक नव्हते ते हे, की ही कथा महावग्गाच्या आठव्या खंधकात येते आणि त्या खंधकाचा विषय आहे चीवर, म्हणजे वस्त्र. तो सुरू होतो जीवक वैद्याच्या चरित्राने. राजा प्रद्योताकडून मिळालेले उंची वस्त्र जीवकाने भगवंतांना अर्पण केले आणि त्यातून भिक्खूंना गृहस्थांनी दिलेली वस्त्रे स्वीकारण्याची मुभा मिळाली. याच खंधकात मगधातील शेतांच्या बांधांप्रमाणे तुकडे जोडून चीवर शिवण्याची रचना आनंदांनी केल्याचे सांगितले आहे.

चांगला रुग्णसेवक कोण, हेही तेथेच सांगितले आहे. औषध तयार करता येणारा, पथ्य-अपथ्य जाणणारा, लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणारा, मलमूत्र, थुंकी, ओकारी उचलताना किळस न मानणारा आणि धम्मकथेने रुग्णाला धीर देणारा, अशी त्याची पाच लक्षणे आहेत. आमच्या प्रशिक्षणाच्या तीन वर्षांत जे शिकविले ते सारे या पाचांत बसते. यांतील चौथे लक्षण मावशींच्या वाट्याला आलेले काम आहे. भगवंतांनी ते वैद्याच्या औषधाशेजारी, एकाच यादीत ठेवले.

त्यापुढचा नियम वाचून मी थांबले. एखादा भिक्खू मरण पावला तर त्याचे चीवर आणि पात्र, ज्यांनी त्याची शुश्रूषा केली त्यांना द्यावे, असे तेथे आहे. कारण शुश्रूषा करणाऱ्यांचे उपकार मोठे. शुश्रूषा करणाऱ्यांत एक भिक्खू आणि एक श्रामणेर असेल तर काय करावे, असा प्रश्न आला. संघातील वस्त्रांच्या वाटपात श्रामणेराला अर्धा वाटा मिळण्याची मुभा होती. रुग्णसेवेच्या बाबतीत मात्र श्रामणेराला समान वाटा द्यावा, असा निर्णय झाला. मनुस्मृतीतही मृताचे वस्त्र आहे आणि विनयातही मृताचे वस्त्र आहे. तेथे ते माणसाला खाली दडपण्यासाठी लादलेले आहे. येथे ते सेवेबद्दलच्या कृतज्ञतेने हाती दिलेले आहे, आणि देताना धाकट्याला अर्धे दिलेले नाही.

हा समान वाटा मी प्रत्यक्ष एकदाच पाहिला. २०२०च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या कक्षात जाताना डॉक्टर, परिचारिका, कक्षसेवक आणि सफाई कामगार यांना सारखाच पांढरा पोशाख चढवावा लागे. डोक्यापासून पायापर्यंत सारे झाकलेले, चेहरा ओळखू येत नसे. म्हणून आम्ही मार्करने छातीवर आपापले नाव लिहीत असू. ठेकेदाराकडून आलेल्या एका सफाई कामगार मुलीचे नाव तिच्या पोशाखावर मी माझ्या हाताने लिहिले. आत गेल्यावर रुग्ण तिला नावाने आणि ‘ताई’ म्हणून हाक मारीत, कारण ती कोण, हे त्यांना कळतच नव्हते. घाटाखालच्या तालुक्यांत मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. त्या उन्हात हवा न खेळणाऱ्या पोशाखात सहा तास काढणे म्हणजे काय, हे त्या पोशाखात राहिलेल्यांनाच ठाऊक. घामाने बुटांत पाणी साचत असे. तरीही त्या काळातील ती समानता मला विसरता येत नाही. लाट ओसरली, पोशाख गेले, आणि त्या मुलीच्या अंगावर पुन्हा पाठीवर दुसऱ्याचे नाव असलेला कोट आला. भीतीने दिलेला समान वाटा भीतीबरोबरच परत घेतला गेला.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते. आपल्या शाळेतील अनेक मुले-मुली आज परिचर्या, औषधनिर्माण आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ अशा अभ्यासक्रमांना जात आहेत. त्यांना आणि त्यांच्या पालकांना त्या उपयोगी पडतील.

रुग्णालयाचा गणवेश बाहेर घालून फिरू नये. तो घालून एस.टी.त बसणे, बाजारात जाणे, लेकराला जवळ घेणे हे सारे टाळावे. काही जिवाणू कोरड्या कापडावर अनेक दिवस टिकतात. शक्य तेथे रुग्णालयातच कपडे बदलावेत. गणवेश घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळा, गरम पाण्यात धुवावा आणि कडक उन्हात वाळवावा. रुग्णालयाच्या धुलाईगृहासाठी ७१ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २५ मिनिटे हा मान्य निकष आहे. तेवढे तापमान घरच्या बादलीत साधत नाही, म्हणून गणवेशाची धुलाई ही संस्थेने उचलायची जबाबदारी आहे, असा आग्रह आपण धरला पाहिजे.

बाही कोपराच्या वर असावी. इंग्लंडमध्ये २००७मध्ये लांब बाह्यांचे कोट, मनगटी घड्याळ आणि अंगठ्या रुग्णतपासणीच्या वेळी वर्ज्य ठरविण्यात आल्या, कारण त्यांमुळे मनगटापर्यंत हात नीट धुता येत नाहीत. बांगड्यांनाही हेच लागू आहे. घड्याळ छातीवर पिनेने लावण्याची आमच्या पिढीची पद्धत याच कारणाने चांगली होती. साडी की सलवार-कुर्ता की विजार, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. मी साडीत धावले आहे, साडीत जिने चढले आहे. तरीही पायात न अडकणारे, वाकताना न सुटणारे आणि पदर रुग्णाच्या जखमेवर न पडणारे वस्त्र अधिक योग्य, हे मान्य करते. दोन खोल खिसे हवेत. पायात पुढून बंद, न घसरणारी पादत्राणे हवीत.

कापडाचा विचार आपल्या जिल्ह्याने तरी करायला हवा. कापसासाठी खामगावला १८७०मध्ये रेल्वेचा फाटा आला. आजही आपली शेते कापसाने पांढरी होतात. त्याच जिल्ह्यात सफाई कामगाराच्या अंगावर घाम न शोषणारे पॉलिएस्टर असते. सुती किंवा सुतीचे प्रमाण भरपूर असलेले मिश्र कापड रोजच्या गणवेशाला द्यावे, आणि रक्त-द्रवांशी संबंध येतो तेथे त्यावर पाणी न झिरपणारे एप्रन द्यावे. गावातील शिलाई करणाऱ्या बायकांना मापे घेऊन हे कपडे शिवण्याचे काम देता येईल. मापाचा गणवेश म्हणजे चैन नव्हे. सैल बाही दरवाजाच्या कडीत अडकते आणि मोठा बूट ओल्या फरशीवर घसरतो.

आशाताईंचाही उल्लेख करते. २००५मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून त्या गावोगाव पोहोचल्या आणि २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. त्यांची ठरावीक साडी हेच त्यांचे ओळखपत्र असते. रात्री-अपरात्री गरोदर स्त्रीला घेऊन रुग्णालयाच्या दारात उभ्या राहणाऱ्या आशाताईंना त्या साडीमुळे कोणी अडवू नये आणि बसायला जागा द्यावी, एवढी तरी त्या साडीची किंमत व्हावी.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक आज डॉक्टर आहेत, अधिकारी आहेत, काही जण संस्था चालवितात, काहींच्या सहीने ठेके मंजूर होतात. त्यांना माझी विनंती आहे. सफाई आणि रुग्णसेवेच्या ठेक्याचा कागद समोर येईल तेव्हा त्यात गणवेशाचे कलम शोधावे. कापड कोणते, जोड किती, माप घेतले जाणार काय, धुलाई कोण करणार, बूट आहेत काय, लस दिली काय, पगारातून पैसे कापले जाणार काय, हे विचारावे. आणि आणखी एक कलम घालावे, ज्याला फारसा खर्च येत नाही. कोटाच्या पुढच्या बाजूला, वाचता येईल अशा अक्षरांत, तो घालणाऱ्या माणसाचे नाव असावे.